आपली तक्रार नोंदवण्यात आली आहे

१९७०-८० च्या दशकांतली एखादी लग्नपत्रिका नाहीतर व्हिजिटिंग कार्ड हाती लागलं, तर फोन नंबराशेजारी कंसात ‘पीपी’ अशी दोन अक्षरं छापलेली सापडतात. नंबर कार्डवाल्याचा नाही, शेजाऱ्याचा किंवा खालच्या वाण्याचा. पण निरोप पोचेल, एवढाच त्याचा अर्थ. चाळीत, वाडीत, कॉलनीत एखाद्याकडे फोन असायचा आणि वीस-पंचवीस बिऱ्हाडांचे बाळंतपणाचे, नोकरीचे, मयतीचे निरोप त्या एका काळ्या डब्यातून यायचे. फोनवाल्या घरातली धाकटी मुलं जिने चढून-उतरून हाका मारायची. या हाकांबद्दल आज फार जिव्हाळ्यानं लिहिलं जातं. इतक्या बिऱ्हाडांच्या या एका फोनमुळे टेलिफोन एक्स्चेंजचं काय होत होतं, याबद्दल सहसा कोणी बोलत नाही.

१९६० च्या दशकात सरकारनं मोठ्या शहरांसाठी ‘पेंटाकोंटा’ जातीची क्रॉसबार एक्स्चेंजेस घ्यायचं ठरवलं. तंत्रज्ञान बेल्जियममधल्या कंपनीचं, उत्पादन बेंगळुरूच्या इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीजचं. युरोपातलं एक कुटुंब एका फोनवर दिवसभरात जितकं बोलेल, तितक्या वापराचा अंदाज धरून ते यंत्र बेतलेलं होतं. इकडे मुंबई-कोलकात्यात एका फोनवर अख्खा मजला बोलत होता. ऐन कामाच्या वेळी डायल टोन येईना, नंबर लागेना, लागलाच तर भलतीकडे लागे. माणसं चिडून पुन्हा पुन्हा डायल करत आणि त्यामुळे एक्स्चेंजवरचा ताण आणखी वाढे.

घरातल्या रडतखडत चालणाऱ्या वायफायची गोष्ट इथून सुरू करायला हवी. टेलिफोन खातं असो नाहीतर इंटरनेटची कंपनी, सगळी गिऱ्हाइकं एकाच वेळी येणार नाहीत या भरवशावरच हा धंदा उभा आहे. त्यात लबाडी आहे असंही नाही. प्रत्येकासाठी स्वतंत्र वाट बांधायची ठरवली तर बिल कोणालाच झेपणार नाही. पण एका वाटेवर किती जण सोडायचे हे ठरवणारा एक, पैसे भरणारा दुसरा आणि वाट तुंबली की शिव्या खायला दारात येणारा तिसराच, ही मांडणी गेल्या पन्नास-साठ वर्षांत फारशी बदललेली नाही.

मुंबईत पहिलं टेलिफोन एक्स्चेंज १८८२ साली सुरू झालं, तेही खासगी कंपनीचं. १९४३ मध्ये सरकारनं ते ताब्यात घेतलं. पुढे पोस्ट आणि तार खातं आणि १ एप्रिल १९८६ पासून महानगर टेलिफोन निगम, म्हणजे एमटीएनएल. मालक बदलत गेले, रांग मात्र वाढत गेली. १९९१ मध्ये साऱ्या देशात मिळून ५० लाखांच्या आसपास फोन होते आणि लोकसंख्या ८४ कोटींच्या वर. फोनसाठी वडिलांनी नाव नोंदवायचं आणि मुलाच्या लग्नानंतर फोन यायचा, हा तेव्हाचा नेहमीचा विनोद. अनेकांच्या घरी ती वस्तुस्थिती होती. थोडे जास्त पैसे आगाऊ भरले तर ‘ओवायटी’ नावाच्या वेगळ्या रांगेत उभं राहता येई. ती रांगही लांबच असे. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला दळणवळण मंत्री असलेल्या सी. एम. स्टीफन यांनी, फोन ही गरज नसून चैन आहे आणि ज्याला सेवा पसंत नसेल त्यानं फोन परत करावा, अशा आशयाचं उत्तर दिल्याचं आजही सांगितलं जातं. हजारो माणसं रांगेत उभी असताना ही धमकी चांगलीच लागू पडत असणार.

सामान्य ग्राहकाला खात्याचा चेहरा दिसायचा तो लाइनमनच्या रूपानं. १९८ वर तक्रार नोंदवायची, नंबर लिहून घ्यायचा आणि वाट बघायची. मग कधीतरी खांद्याला पिशवी अडकवलेला माणूस यायचा आणि घरात न येता आधी जिन्याखाली जायचा. तिथे पत्र्याची एक पेटी असे, तिला सगळे ‘डीपी’ म्हणत. पेटीचं झाकण बहुधा एकाच बिजागरीवर लोंबकळत असे. आत कोळिष्टकं, पालीची अंडी आणि तांब्याच्या तारांच्या जोड्या. लाइनमन दोन चिमटे लावलेला आपला टेस्ट फोन एकेका जोडीला लावून कानाशी धरायचा. रस्त्यावरच्या पिलरपर्यंत लाइन ठीक आहे की तिथूनच मेली आहे, हे त्याला त्या आवाजावरून कळायचं. जमिनीखालच्या केबलमध्ये पावसाचं पाणी शिरलं की खरखर सुरू व्हायची, दुसऱ्या कोणाचं तरी बोलणं ऐकू यायचं आणि मग फोन ‘डेड’. अशा वेळी तो जिवंत जोडी शोधून तिच्यावर लाइन फिरवून द्यायचा. सुटी जोडी नसली, तर इमारतीतल्या सगळ्यांत कमी तक्रार करणाऱ्या माणसाची जोडी काढली जाते, असा सार्वत्रिक संशय होता.

म्हणून लाइनमनशी ओळख ठेवणं हा संसाराचा भाग झाला. चहा विचारणं, दिवाळीला पोस्त देणं, त्याच्या मुलाच्या दहावीची चौकशी. आज हे सगळं भ्रष्टाचाराच्या खात्यात टाकता येईल आणि ते चूकही नाही. पण एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. त्या माणसाला इमारत ठाऊक होती, पेटी ठाऊक होती, कुठली जोडी पावसात मरते तेही ठाऊक होतं. तक्रारीचा नंबर कागदावर राहायचा, दुरुस्ती व्हायची ती ओळखीनं. खात्यालाही ते सोयीचंच होतं, कारण ग्राहकाचा सगळा राग त्या पिशवीवाल्या माणसावर निघायचा.

एका अर्थानं मुंबईनं असल्या रांगा लावायलाच नको होत्या. बाहेरच्या जगाशी तारेनं जोडल्या गेलेल्या भारतातल्या पहिल्या जागांपैकी मुंबई एक. १८७० साली ‘ग्रेट ईस्टर्न’ या अवाढव्य जहाजानं मुंबईहून एडनपर्यंत समुद्रतळाशी तार टाकली आणि त्याच वर्षी मुंबईचा निरोप समुद्राखालून लंडनला जाऊ लागला. पुढे उपग्रहांचा काळ आला तेव्हा पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ आर्वीला देशाचं उपग्रह भू-केंद्र उभं राहिलं. आजही परदेशातून येणाऱ्या समुद्री केबलींपैकी कितीतरी वर्सोव्याच्या किनाऱ्याला लागतात. या केबलींतून वर्सोव्याला उतरणारा प्रकाश तीन किलोमीटरवरच्या अंधेरीतल्या तिसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत दमतो, तो रस्त्यातल्या पिलरमुळे, गच्चीवरच्या वेटोळ्यामुळे आणि जिन्याखालच्या पेटीमुळे.

१५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमनं, म्हणजे व्हीएसएनएलनं, सामान्यांसाठी इंटरनेट खुलं केलं. त्याआधी आयआयटी आणि जुहूची एनसीएसटी अशा मोजक्या संस्थांना ‘अर्नेट’वरून ते मिळत होतं. आता घरी घेता येणार होतं. वेग सेकंदाला ९.६ किलोबिट. वर्षाला २५० तास. त्यासाठी व्यक्तीला ५ हजार रुपये आणि व्यापारी कंपनीला २५ हजार. विद्यार्थ्यांना ५०० रुपयांत नुसती अक्षरं दिसणारं खातं मिळू लागलं, चित्रं नाहीत. चित्रं परवडणारीही नव्हती. त्या वेगानं एक एमबीचा फोटो उतरवायला चौदा मिनिटं लागतात, तेही मध्ये लाइन तुटली नाही तर.

आणि लाइन तुटायचीच. मॉडेमनं शिट्ट्या मारत, घशात काहीतरी अडकल्यासारखा आवाज काढत पलीकडच्या मॉडेमशी सूत जुळवायचं, ईमेलची खिडकी अर्धी उघडायची, तेवढ्यात मावशीचा फोन यायचा नाहीतर आईनं स्वयंपाकघरातल्या एक्स्टेन्शनचा रिसीव्हर उचललेला असायचा. पुन्हा डायल करावं तर पलीकडे एंगेज. व्हीएसएनएलचा मागणीचा अंदाज साफ चुकला होता. जितके ग्राहक आले त्यांच्या मानानं मॉडेम आणि टेलिफोन लाइनी अपुऱ्या होत्या. पेंटाकोंटाचीच ही दुसरी आवृत्ती. शिवाय इथे बिलं दोन. तासांचे पैसे व्हीएसएनएलला, फोनच्या कॉलचे एमटीएनएलला. नेट लागत नाही म्हणून एकाकडे जावं तर तो म्हणणार लाइन खराब आहे, दुसऱ्याकडे जावं तर तो म्हणणार सर्व्हर बंद आहे. ग्राहकाची टोलवाटोलवी करण्याची पद्धत या मातीत इंटरनेटच्या पहिल्या वर्षापासूनच रुजली.

नोव्हेंबर १९९८ मध्ये खासगी कंपन्यांना इंटरनेट पुरवायची परवानगी मिळाली. बाजारात दर पडले, सीडीवर तासांची पॅकेटं मिळू लागली. तार मात्र तीच राहिली, एमटीएनएलची किंवा सरकारच्या दूरसंचार खात्याची, म्हणजे पुढच्या बीएसएनएलची. वेगवेगळ्या कंपन्यांनी एकमेकांशी देशातल्या देशात डेटाची देवाणघेवाण करावी अशी सोयही नव्हती; दादरहून ठाण्याला पाठवलेला ईमेल, दोघांच्या कंपन्या वेगळ्या असतील तर, अमेरिकेला वळसा घालून येऊ शके. त्यासाठी राष्ट्रीय इंटरनेट एक्स्चेंज व्हायला २००३ साल उजाडलं.

याच वर्षांत दुसऱ्या बाजूनं केबलवाला घरात शिरत होता. टीव्हीच्या निमित्तानं तर तो आधीच आलेला होता. १९८० च्या दशकात इमारतीत एक व्हिडिओ प्लेअर लावून घराघरांत वायर ओढणारा मुलगा १९९१ च्या आखाती युद्धानंतर गच्चीवर डिश लावू लागला आणि १९९२ मध्ये झी सुरू झाल्यावर गल्लीतली बडी असामी झाला. कायदा त्याच्या मागून, १९९५ मध्ये आला. त्या कायद्याप्रमाणे केबलवाल्यानं नोंदणी करायची ती हेड पोस्ट ऑफिसात. इलाखे मात्र पोस्टात ठरत नव्हते. कुठल्या नाक्यापासून कुठल्या नाल्यापर्यंत कोणाची वायर, हे गल्लीत ठरायचं आणि त्यावरून डोकी फुटायची, रातोरात वायरी कापल्या जायच्या. ‘हा एरिया आमचा नाही’ हे आज इंटरनेटच्या नव्या कनेक्शनसाठी फोन केल्यावर ऐकू येणारं वाक्य त्या काळाची देणगी आहे.

या माणसाकडे गच्ची होती, इमारतीच्या सेक्रेटरीशी संबंध होते आणि दर महिन्याला पैसे गोळा करायला घरोघर जाणारी पोरं होती. कंपन्यांना नेमकं तेच हवं होतं. २००० नंतर त्यानं टीव्हीच्या वायरीशेजारून इंटरनेटची वायर सोडायला सुरुवात केली. ही वायर ऑफिसातल्या संगणकांची. तिच्यावरून सिग्नल १०० मीटरपर्यंतच धड जातो. म्हणून दर १०० मीटरच्या आत एक स्विच बसवावा लागे. स्विच बसायचा तो कुठल्यातरी इमारतीच्या जिन्यात, पत्र्याच्या डब्यात, आणि त्याला वीज मिळायची जिन्यातल्या दिव्याच्या जोडणीतून. सेक्रेटरीशी भांडण झालं, वॉचमननं मेन स्विच पाडला किंवा त्या एका इमारतीचे दिवे गेले की पुढच्या चार इमारतींचं नेट बंद. त्या चार इमारतींत लख्ख उजेड असायचा, त्यामुळे नेट का गेलं याचा कोणाला पत्ताच लागायचा नाही. पाऊस, कबुतरं, उंदीर आणि पतंगाचा मांजा हे इतर भागीदार.

कागदोपत्री परवाना वरच्या कंपनीचा आणि हा गल्लीतला माणूस तिचा फ्रँचायझी. म्हणजे ग्राहक ज्याला ओळखतो त्याच्यावर नियम थेट लागू होत नाहीत. नियम जिच्यावर लागू होतात त्या कंपनीला ग्राहक ओळखत नाही. लाइनमन निदान सरकारी नोकर होता. केबलवाल्याचा पोऱ्या कोणाच्याच मस्टरवर नव्हता.

सरकारनं २००४ च्या धोरणात ‘ब्रॉडबँड’ कशाला म्हणायचं ते एकदाचं ठरवलं: सेकंदाला किमान २५६ किलोबिट, आणि जोडणी सतत चालू. जानेवारी २००५ मध्ये बीएसएनएलनं ‘डेटावन’ आणि एमटीएनएलनं ‘ट्रायबँड’ आणलं. त्याच जुन्या तांब्याच्या जोडीवर आता फोन आणि इंटरनेट एकत्र चालणार होतं, मध्ये एक छोटी डबी बसवली की झालं. मावशीच्या फोननं नेट तुटणं थांबलं, ही क्रांतीच. पण तांब्याचं एक दुखणं यातून उघडं पडलं. माणसाचा कान खरखर सहन करतो. अर्धं वाक्य ऐकू आलं तरी बाकीचं आपण जुळवून घेतो. तांब्यावरून इंटरनेट नेणाऱ्या या तंत्राला, म्हणजे डीएसएलला, ती सोय नाही. जोडी जुनी, सांधा ओला, एक्स्चेंज लांब, की वेग गळत जातो. फोन उत्तम चालतोय म्हणून लाइनमन ‘लाइन ओके’ लिहून जायचा आणि नेट बंदच. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा ही सेवा जेमतेम सहा महिन्यांची होती.

बीएसएनएलच्या काही योजनांत रात्री २ ते सकाळी ८ वापर मोफत असे. महाराष्ट्रातली कित्येक कॉलेजची मुलं त्या काळात गजर लावून दोनला उठत, सिनेमा उतरवायला लावून पुन्हा झोपत. खात्यानं रिकामी वाट रात्री फुकटात दिली होती, कारण दिवसा ती पुरत नव्हती. वाट किती अरुंद होती याचा आकडा २००९ मध्ये अधिकृत कागदावर आला. घरगुती ब्रॉडबँडसाठी एका वाटेवर जास्तीत जास्त ५० ग्राहक असावेत, असं दूरसंचार नियामकानं, म्हणजे ट्रायनं, कंपन्यांना सांगितलं. म्हणजे २५६ किलोबिटची जाहिरात पाहून कनेक्शन घेतलेले ५० जण एकाच क्षणी नेटवर आले, तर प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम ५ किलोबिट. १९९५ च्या व्हीएसएनएलच्या मॉडेमलासुद्धा ९.६ मिळत होते!

असं सहसा होत नाही, हे खरं. पन्नासही जण एकाच क्षणी काही उतरवत नाहीत. पण रात्री नऊ ते अकरा या वेळेत मालिका, क्रिकेट आणि मुलांचे गेम एकत्र आले की त्याच्या बरंच जवळ जातं, आणि तेव्हाच केबलवाल्याचा फोन लागत नाही. ब्रॉडबँडची व्याख्या पुढे वाढत गेली. २०१३ पासून ५१२ किलोबिट, जानेवारी २०२३ पासून २ मेगाबिट. योजनांवरचे आकडे त्याहून वेगानं फुगले. वाटणीचं गणित मात्र जाहिरातीत कधीच छापलं गेलं नाही.

नियम नव्हते असं अजिबात नाही. ट्रायनं २००६ मध्येच ब्रॉडबँडच्या दर्जाचे नियम केले. बिघाड तीन कामाच्या दिवसांपेक्षा जास्त रेंगाळला तर आठवड्याचं भाडं माफ, सातपेक्षा जास्त दिवस गेले तर पंधरा दिवसांचं, पंधराच्या पुढे गेले तर अख्ख्या महिन्याचं. ग्राहकाला कबूल केलेल्या वेगाच्या ८० टक्क्यांहून जास्त मिळालं पाहिजे, हेही त्यात होतं. फक्त हा वेग मोजायचा होता कंपनीच्या नोडपासून ग्राहकाच्या घरापर्यंत. गोम इथे आहे. नोडच्या पलीकडे, बाहेरच्या जगाकडे जाणारी वाट तुंबली असली तरी हा आकडा छान दिसू शकतो. तक्रार बघायला घरी आलेला कंपनीचा मुलगा लॅपटॉपवर वेगाची चाचणी लावतो, सुई शंभरावर जाते, तो विजयी मुद्रेनं बघतो आणि व्हिडिओ कॉलवरचा मेव्हणा तोंड उघडं ठेवून गोठलेलाच राहतो. दोघंही खोटं बोलत नसतात.

भाड्याची सूट मागितलेला माणूस शोधावा लागेल. महिना पाचशे-सातशे रुपयांच्या बिलातले दीडशे परत मिळवायला कोण अर्ज करत बसणार? केबलवाल्याला ‘या महिन्यात शंभर कमी घे’ म्हणणं जास्त सोपं होतं आणि बहुतेकांनी तेच केलं.

ज्यांनी कायद्याचा रस्ता धरला त्यांच्या वाटेत १८८५ सालचा टेलिग्राफ कायदा आडवा आला. त्याच्या कलम ७ ब नुसार टेलिफोनचे तंटे सरकारनं नेमलेल्या लवादाकडे न्यायचे होते. सप्टेंबर २००९ मध्ये, केरळमधल्या एका फोनच्या बिलाच्या प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयानं या कलमाचा आधार घेऊन सांगितलं की असे तंटे ग्राहक न्यायालयात चालणार नाहीत. त्यानंतर अनेक ठिकाणी ग्राहक मंचांनी टेलिफोन आणि इंटरनेटच्या तक्रारी दारातूनच परत पाठवल्या. ट्राय एकट्या ग्राहकाची तक्रार ऐकत नाही. उरलं काय, तर कंपनीचं स्वतःचं तक्रार केंद्र आणि २०१२ च्या नियमांनी घडवलेलं तिचंच अपील प्राधिकरण. शेवटी १६ फेब्रुवारी २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी जुना निकाल बाजूला सारला आणि ग्राहक न्यायालयाचं दार उघडं असल्याचं स्पष्ट केलं. तोवर साडेबारा वर्षं गेली होती.

मधल्या काळात घरातल्या घरात एक नवा संशयित तयार झाला होता. २००५ च्या सुरुवातीला सरकारनं २.४ गिगाहर्ट्‌झचा पट्टा परवान्यातून मोकळा केला आणि घरोघरी वायफायचे राउटर लागले. पुष्कळांना पासवर्ड लावायचा असतो हेच ठाऊक नव्हतं. जुलै २००८ मध्ये अहमदाबादच्या बॉम्बस्फोटांच्या काही मिनिटं आधी वाहिन्यांना आलेला ईमेल नवी मुंबईत सानपाड्याच्या एका इमारतीत राहणाऱ्या अमेरिकी नागरिकाच्या उघड्या वायफायवरून गेल्याचं निघालं. सप्टेंबरमधल्या दिल्लीच्या स्फोटांचा ईमेल चेंबूरहून. जानेवारी २००९ मध्ये मुंबई पोलीस लॅपटॉप घेऊन उघडी वायफाय शोधत रस्त्यांवर फिरू लागले. फुकटात शेजाऱ्याचं नेट वापरण्याचा जमाना तिथे संपला.

पासवर्ड आले, गर्दी राहिली. त्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच: १, ६ आणि ११. चाळीस फ्लॅटच्या इमारतीत चाळीस राउटर त्या तिघांवर भांडतात. त्यात काँक्रीटच्या भिंती, टीव्हीमागे कोंबलेला राउटर आणि त्याच पट्ट्यात लहरी सोडणारा मायक्रोवेव्ह. त्यामुळे कंपनीच्या मदत केंद्रातल्या मुलीचं ‘सर, राउटर बंद करून चालू करा’ हे म्हणणं दर वेळी टाळाटाळ नसतं. पण बिघाड घरातला आहे की बाहेरचा, हे ग्राहकाला दाखवून द्यायची जबाबदारी कोणावरच नसल्यानं ते एक उत्तम ढालही ठरलं. दुसरी ढाल ३० जानेवारी २००८ ला मिळाली. अलेक्झांड्रियाजवळ दोन मोठ्या समुद्री केबली तुटल्या आणि देशातलं इंटरनेट खरोखरच रांगू लागलं. त्यानंतर कितीतरी वर्षं डोंबिवलीतल्या जिन्यातला स्विच जळाला तरी केबल समुद्रातच तुटलेली असायची.

शहराबाहेरची एक गोष्ट या सगळ्यात वेगळी दिसते. १९९८ मध्ये कोल्हापूरजवळ वारणानगरला ‘वायर्ड व्हिलेज’ प्रकल्प सुरू झाला. परिसरातल्या सत्तर गावांत संगणक केंद्रं, बाजारभाव, शेतीसल्ला, सगळं ऑनलाइन. काही वर्षांनी संशोधकांनी जाऊन पाहिलं तर शेतकरी त्या संगणकांवर मुख्यतः एकच काम करून घेत होते: कारखान्याला घातलेल्या उसाचं वजन, बिल आणि खताची उधारी बघणं. संगणक जुने झालेले, जोडणी महाग. मग २००७ च्या सुमारास मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी तिथे साध्या मोबाइलच्या एसएमएसवर तेच काम करून दाखवलं. लोकांना नेमकं काय हवंय ते आधी पाहून वाट बेतल्याची या इतिहासातली उदाहरणं थोडी. त्यात हे बसवावं लागेल, जरी त्यासाठी वायर काढून टाकावी लागली.

३१ जानेवारी २०२० ला स्वेच्छानिवृत्ती घेऊन बीएसएनएलचे साधारण ७८ हजार आणि एमटीएनएलचे १४ हजारांवर कर्मचारी एकाच दिवशी घरी गेले. दोन्ही निगम कर्जात बुडाले होते आणि पगार थकत होते, त्यामुळे त्यांच्याकडे दुसरा इलाज नव्हता. जाणाऱ्यांत जिन्याखालची पेटी डोळे मिटून उघडू शकणारे लाइनमन आणि जमिनीखालचे सांधे तोंडपाठ असणारे जॉइंटर होते. त्यानंतर आठ आठवड्यांच्या आत, २५ मार्चला, देश बंद झाला आणि शाळा, ऑफिस, भिशी, श्राद्धाची पूजा सगळं घरातल्या वायफायवर आलं. सगळे एकाच वेळी येणार नाहीत, हा धंद्याचा जुना भरवसा एका रात्रीत मोडला. सिंधुदुर्गात मुलं रेंजसाठी डोंगरावर झोपड्या बांधून बसली. ठाण्या-पुण्यात बाप बेडरूममध्ये मीटिंगला, लेक हॉलमध्ये वर्गाला आणि आजी गॅलरीत कीर्तनाला, अशी एकाच राउटरची वाटणी झाली.

त्या दोन वर्षांत काचेची तार, म्हणजे फायबर, पुष्कळ घरांत पोचली. तांब्याची खरखर गेली, जिन्यातले विजेवर चालणारे स्विच कमी झाले. आता भिंतीवरच्या पांढऱ्या डबीवर ‘लॉस’ नावाचा लाल दिवा लागतो; तो लागला की प्रकाश घरापर्यंत पोचतच नाही, मग राउटर दहादा बंद-चालू करून उपयोग नाही. एका बाबतीत ग्राहकाच्या हाती पुरावा आला. फोनवरचं यंत्र तरीही आधी राउटर बंद करायलाच सांगतं आणि मग तक्रार नोंदवल्याचा संदेश येतो. काही कंपन्यांत दुरुस्ती झाल्यावर ग्राहकाच्या मोबाइलवर एक ओटीपी जातो आणि तो सांगितला की तक्रार बंद होते. फायबर जोडायला आलेला मुलगा जिन्यातूनच ‘काका, तेवढा ओटीपी सांगा, काम संध्याकाळपर्यंत होऊन जाईल’ म्हणतो, कारण वेळेत बंद न झालेल्या तक्रारीचे पैसे त्याच्या मालकाच्या हिशेबातून कापले जायची भीती असते. काका ओटीपी देतात.

न दिलाच, तर २०१२ च्या नियमांप्रमाणे तक्रारीचा डॉकेट नंबर घेऊन अपील करता येतं. अपिलाचा निकाल ३९ दिवसांत लागायला हवा. तेवढे दिवस नेटशिवाय काढणारं घर आता सापडणं कठीण. त्याआधीच दुसऱ्या कंपनीला फोन जातो. दोन दिवसांनी नव्या कंपनीचा टी-शर्ट घालून फायबर ओढायला जो येतो, तो पुष्कळदा जुन्या कंपनीचाच फ्रँचायझी असतो. त्याच्याकडे दोन्ही आहेत.